दगडी पुलावर अडकले तेव्हा

मला आधी खटकलं ते एवढंच, की पुढे चालणाऱ्या काकूच्या बांगड्या वाजेनाशा झाल्या.

काका, काकू आणि मी आर्वीहून छत्तीसगडच्या जंगलातली चुनखडीची गुहा बघायला गेलतो. आत पाण्यानंच कोरलेला एक दगडी पूल आहे आणि खाली काळा डोह. ते दोघं पूल ओलांडून वळणाआड गेले, आणि मी नेमकी मधोमध असताना मोबाइलचा टॉर्च विझला. पुलाची कड कुठं संपते तेच कळेना. मी होते तिथंच दगडाला मिठी मारून बसले.

"काकूऽ!"

गुहेनं माझी हाक चार-पाच वेळा घुमवली. काकू काही बोलली नाही.

"काकूऽ, मले काईच दिसून नाई राह्यलं वं!"

पुन्हा नुसता घुमारा. मग वळणाआडून काकांची कुजबुज ऐकू आली, "अवं, ओ दे नं तिले. पोरगी रडून राह्यली."

म्हणजे हे दोघं तिथंच होते! आता मात्र मी भोकाडच पसरलं.

तेव्हा कुठं काकू बोलली, "दोनच झाल्या, बाई. घुमलेल्या मी धरत नाई. भूत तिसरी हाक मारत नसते. तू मार, मंग ओ देतो."