साठ आत्ता की एकशेऐंशी पुढे

...नाही, चूक माझी आहे, मान्य! पण सगळी? एकट्याची? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं बातमीदारी केली, भल्याभल्यांना तोंडावर प्रश्न विचारून घाम फोडला, आणि परवा भरदुपारी मला आडवं केलं कोणी, तर स्क्रीनवरच्या एका टीचभर धनुर्धाऱ्याने!

झालं काय, माझी मुलगी ऑनलाइन गेम खेळते. पाच विरुद्ध पाच, समोरच्याचा किल्ला पाडायचा. ती कॅप्टन. उपांत्य सामना, आणि पाचवा गडी तापाने झोपलेला. म्हणाली, "बाबा, तू ये." अहो, ही पोरगी मला कधी चहाला बोलावत नाही! त्यात पुढच्या महिन्यात नोकरीला परगावी चाललीये. मी चक्क रजा टाकली.

तर सामन्याआधी एक बोनस निवडायचा. जीव वाढवणारा. एक तर सुरुवातीलाच साठ, नाहीतर खेळता खेळता चढाल त्या दर लेव्हलला दहा, म्हणजे अठराव्या लेव्हलला एकशेऐंशी! आता शिकलासवरलेला माणूस काय घेईल?

"बाबा, साठ घे."

"अगं, एकशेऐंशी कुठे, साठ कुठे!"

"अठरावी लेव्हल बघितलीये कोणी?"

"माणसाने दमाने घ्यावं. पुढे फायदा होतो!"

दुसऱ्या मिनिटाला समोरच्यांचा धनुर्धारी आला. माझा जादा जीव दहा, त्याने साठवाला बोनस घेतलेला. मी हाणला, त्याने हाणला, मी हाणला... त्याच्या डोक्यावरची जीवाची पट्टी केसाएवढी उरली, माझी उरलीच नाही! कानात टीममधला चष्मेवाला, "काका, मागे या! मागे! काका... काका गेले." आतून बायको, "अहो, कोणाचे काका गेले?"

म्हटलं असू दे, पुढे फायदा होतो! पुन्हा उठलो, पुन्हा गेलो. मला मारून मारून तो धनुर्धारी असा माजला की आमच्या बाकीच्या चौघांनाही आवरेना. चष्मेवाला तर नंतर "काका गेले" म्हणायचंही सोडून नुसता "हं" म्हणायला लागला.

चौदाव्या मिनिटाला किल्ला पडला. माझी लेव्हल? पाचवी. दहा पंचे पन्नास! म्हणजे अख्ख्या सामन्यात एकदाही साठ नाहीत!

मुलीने हेडफोन काढला. ओरडली असती तर परवडलं असतं. शांतपणे म्हणते, "बाबा, बातमीचा जीव कुठे असतो?"

आता हे वाक्य माझं! प्रत्येक नव्या बातमीदाराला पहिल्याच दिवशी दरडावतो मी... सगळा जीव पहिल्या परिच्छेदात घाल, जागा कमी पडली की डेस्कवाला शेपटाकडून कात्री चालवतो! पोरगी जेवताना हेच ऐकत वाढली. आणि मी? जीव नेऊन ठेवला शेपटात!

का, सांगू? एकतीस वर्षं संपादक मला म्हणतायत, "पुढे बघू." इतकी वर्षं ऐकल्यावर बसतो हो माणसाचा विश्वास!

काल धीर करून विचारलं, "पुढची स्पर्धा कधी?"

"रविवारी."

"मग मी...?"

"तू राखीव."

"राखीव? अगं, महिन्याभरात तू चाललीस, मग मी खेळणार कधी?"

तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, संपादक ठेवतात ना, अगदी तस्सा. "दमाने घे, बाबा. पुढे फायदा होतो."

रविवारची रजा टाकलीये. राखीव माणसाने हजर नको राहायला?