गाडी कडेला का थांबली

शिकाऊ : थांबले ना ताई. इंडिकेटर देऊन, नीट कडेला.

ताई : ते दिसलं. पण का? इतकी सुरेख आणि इतकी विनाकारण थांबलेली गाडी मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यात पाहिली नाही!

शिकाऊ : बॉयफ्रेंडला फोटो पाठवायचाय. जरा इकडे बघा ना.

ताई : माझा फोटो? मी काय स्थळ आहे?

शिकाऊ : शेजारी बाईच बसलीय, एवढं दिसलं की झालं. काळजी करतो हो तो माझी.

ताई : आणि मी समजत होते, तू रहदारीला घाबरून थांबतेस! म्हणून लायसन्सची परीक्षाही पुढे ढकलली तुझी. फोटो नाही पाठवला तर?

शिकाऊ : काही नाही. म्हणजे… बोलत नाही मग. मी माफी मागेपर्यंत.

ताई : कशाची माफी?

शिकाऊ : ते मागितल्यावर सांगतो.

ताई : अगं बाई!

शिकाऊ : मारत-बिरत नाही तो. आवाजही चढवत नाही.

ताई : कशाला चढवेल? त्याआधीच तू थांबतेस. मैत्रिणी?

शिकाऊ : एकच होती, खारू. त्याला आवडायचं नाही, मग मीच जाणं सोडलं.

ताई : हे बघ, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे. मी तो कधी दाबते?

शिकाऊ : समोर कुणी आलं तरच.

ताई : का? तर उद्या तू माझ्याशिवाय चालवावीस म्हणून. त्याला तसं हवंय?

(फोन वाजतो. वाजतच राहतो.)

शिकाऊ : म्हणाला होता, मी असताना तुला गाडी कशाला हवी… ताई, मी घाबरते हो त्याला. काळजी कसली आलीय यात! इतका राग येतोय मला!

ताई : येऊ दे. छान येतोय. फक्त हे त्याला एकटीने भेटून सांगायला जाऊ नकोस. आधी घरी बोल. हवं तर मी येते सोबत.

शिकाऊ : फोन बंद केला. आणि आता डावीकडे घेतेय.

ताई : डावीकडे काय आहे?

शिकाऊ : खारूचं घर.

ताई : चढ आहे तिथे. बघ हं… वा! गाडी जरासुद्धा मागे सरकली नाही. पोरी, उद्याच बसवते तुला परीक्षेला!

(खारूच्या दाराची बेल वाजते.)

खारू : कोण आहे? …तू! आली का आठवण महाराणींना? अगं, रडतेयस की हसतेयस?

शिकाऊ : दोन्ही. चिडलीस?

खारू : भयंकर. आत ये आधी.

शिकाऊ : थोडा वेळ बसू?

खारू : मला काय विचारतेस?

शिकाऊ : खरंच की. ताई, तुम्ही व्हा पुढे. मला वेळ लागेल.