शिरखुर्म्याची तिसरी वाटी

एकेचाळीस साली कामशेत स्टेशनात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा नालबंद आपल्याच गावातल्या कॉलेजकुमाराला झाडत होता.

"नथू, चावडीवर वाचलंस ते परत वाच."

"चाचा, ती समाजशास्त्राची पाहणी आहे. सरांनी प्रश्न दिलेत."

"वाच म्हनतो न्हवं!"

"‘या गावात हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या घरी जेवत नाहीत.’"

"ह्ये कुनी सांगितलं तुला?"

"सगळ्या गावानं. मी घरोघर फिरून विचारलं."

"माज्या घरी आलतास इचाराया?"

"तुमचं उत्तर मला ठाऊक होतं."

"ठाऊक असनारच! दर ईदला माज्या चुलीम्होरं बसून शिरखुर्मा कोन ओरपतं? औंदा तिसरी वाटी चाचीनं कुनाला वाढली?"

"हळू बोला की, चाचा."

"का म्हनून हळू? येवढं शिकलास, आन् खरं लिवाया हात आखडतो?"

"आबांच्या कानावर गेलं तर ते मला घरात घेणार नाहीत."

"मंग त्येच लिव! जेवत्यात, पन बापाला भिऊन न्हाई म्हनत्यात."