शंकरकाकांची शेवटची लढत

प्रबंधाचे विचारलेत म्हणून सांगतो. परिपूर्ण हेवीवेट मुष्टियोद्धा कोणाला म्हणावे, हे पुस्तकांवरून लिहून झाले होते. तरी खात्रीसाठी मी खमरियातल्या शंकरकाकांकडे गेलो. ते एके काळचे हेवीवेट. शेवटच्या लढतीपासून चहाचा कप त्यांच्या ओठांना धाकटे भाऊ वसंतकाका लावतात.

“ठोसा पाहिजे, पाय हलके पाहिजे, मार चुकवता आला पाहिजे,” शंकरकाका अडखळत म्हणाले. “माह्याजवळ सगळं होतं, भैया.”

“मग शेवटच्या लढतीत काय कमी पडले?”

उत्तर वसंतकाकांनी दिले. “दादा मार खाऊन राहिला होता. टॉवेल माह्या हातात होता. रिंगमध्ये फेकला असता तर लढत थांबली असती. पण दादानं आईची शपथ घातली होती, फेकायचा नाही म्हणून.”

“अन् यानं पाळली!” शंकरकाका अभिमानाने म्हणाले. “लिही भैया, असा भाऊ पाहिजे.”

वसंतकाका अर्धा कप तसाच घेऊन आत निघून गेले.