सिद्रामआण्णांच्या नावापुढचा अंगठा

पारूवहिनी, आणि समाजमंदिरात जमलेल्या मंडळींनो, जय भीम.

सिद्रामआण्णांना जाऊन आज पाच दिवस झाले. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. मघाशी फोटोला हार घालायला पुढं आलो, तेव्हा वहिनींना हळूच म्हणालो, वहिनी, मला माफी मागायचीय. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "मला काय सांगतायसा? गाव बसलंय. तितं हुबं ऱ्हावून सांगा." म्हणून उभा आहे.

जाणती माणसं मला ओळखतात. मी तुमचा जुना तलाठी. मूळचा शिवाजी पेठेतला, जयसिंगपुरात खोली घेऊन राहायचो. तुम्ही सगळे मला भाऊसाहेब म्हणायचा. सिद्रामआण्णाही म्हणायचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस. आणि मी त्यांना काय म्हणायचो? "ए सिद्राम." वरच्या आळीतल्या माझ्या वयाच्या माणसालाही आबा म्हणायचो, आणि यांना ए सिद्राम. आण्णा हा शब्द आज फोटोपुढं पहिल्यांदा तोंडातून निघाला. लाज वाटते मंडळी.

ते कोरडं वर्ष आठवा. श्रावणातच पावसानं दडी मारली. विहिरीखालची रानं कशीबशी जगली. माळावरचं सोयाबीन वितीच्या वर आलं नाही.

आता, दुष्काळ पडला की नाही हे सरकार आभाळ बघून ठरवत नाही. नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे आलं, ती पैसेवारी काढतात. पन्नास पैशांच्या आत आली, तर गाव दुष्काळी. मग चारा मिळतो, रोजगार हमीची कामं निघतात, पोरांची परीक्षेची फी माफ होते. पन्नासाच्या वर गेली, की गाव सुखी. कागदावर सुखी. त्यासाठी गावातल्या चार-सहा रानांवर नंबर पडतो. तिथं जाऊन दोरीनं तुकडा आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं, आणि शेतकऱ्याची सही घ्यायची. तलाठी येईपर्यंत शेतकऱ्यानं तिथं विळा लावायचा नाही.

माळावर नंबर पडला तो एकट्या सिद्रामआण्णांच्या रानावर. माळाचा खरा आकडा वरच्या ऑफिसात पोचला असता, तर गाव दुष्काळाच्या यादीत बसलं असतं.

आण्णा थांबले. शेजारची रानं कापून झाली, तरी थांबले. शेंगा तडकायला लागल्या, दाणे मातीत पडायला लागले, तरी थांबले. मला सोपं पडावं म्हणून स्वतःच खुंट्या ठोकून, दोरी बांधून तुकडा आखून ठेवला. तीनदा चावडीत आले. "भाऊसाहेब, कवा येतासा? शेंगा फुटाय लागल्यात की." मी म्हणालो, उद्या येतो. अकरा दिवस मी उद्या म्हणत राहिलो.

आणि गेलोच नाही.

मतदारयाद्यांचं काम होतं, हे खरं. पण कारणं सांगायला मी उभा नाही. ऊन होतं, चढ होता, मला कंटाळा आला. खुर्चीत बसून आकडा भरला. मागच्या सालचाच, जरासा उतरवून. फार कमी लिहिलं असतं तर फेरतपासणी लागली असती, परत कागद, परत हेलपाटे. मधला आकडा लिहिला की कोणी काही विचारत नाही. वरून दबाव होता का? नव्हता. असता तर आज त्याच्याआड लपलो असतो. सरकारच्या धोरणाला आपण शिव्या देतो. द्या. मुंबईतल्या साहेबांना आपला माळ दिसत नाही. मला दिसत होता. चावडीच्या दारातून दिसत होता.

राहिली सहीची जागा. बौद्धवाड्यातला माणूस, याला कुठली आलीय सही, असं मी धरून चाललो. विचारलंसुद्धा नाही. शाईच्या पॅडवर माझा अंगठा टेकवला आणि त्यांच्या नावापुढं उठवला.

यादी लागली. त्यात आपलं गाव नव्हतं. चावडीत तुम्ही सगळे तावातावानं जमलात, मी कागद पुढं केला. सिद्रामआण्णांनी तो हातात घेतला आणि वाचला. होय, वाचला. म्हणाले, "भाऊसाहेब, ह्यो अंगठा कुणाचा? मी सही करतो. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलोय." सगळी चावडी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणालो, "घाईत लावला असशील. विसरला असशील." कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

त्यात तुमच्यातले कितीजण होते, मी विचारत नाही. पण त्या दिवसापासून या गावात त्यांचं नाव अंगठेबहाद्दर पडलं. सिद्रामनं न बघता अंगठा दिला आणि गाव बुडवलं, असं पारावर बोललं गेलं. चाऱ्यावाचून ज्यांना बैलं बाजारात न्यावी लागली, त्यांनी यांच्याशी बोलणं टाकलं. अहो, आण्णांची जोडीही त्याच बाजारात गेली. नंतर रान पडीक टाकून ते एमआयडीसीत रखवालदार झाले.

त्या दिवसानंतर माझ्याकडं ते एकदाच आले. म्हणाले, "रान गेलं, जाऊ द्या. गावाला येकदा सांगा, ह्यो अंगठा सिद्रामचा न्हवं. येवढंच." मी म्हणालो, बघू. तेवढ्यात बदली झाली, आणि मी सुटलो म्हणून खूश झालो. दोन वर्षांमागं जयसिंगपूरच्या स्टँडवर दिसले. मी हात केला. त्यांनी तोंड फिरवलं आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. बरं केलं त्यांनी.

वहिनी, मला माफ करा असं मी आता म्हणत नाही. माफी मिळाली तर मला हलकं वाटेल, आणि हलकं वाटून घ्यायचा मला हक्क नाही. ज्यांना ऐकायचा हक्क होता, ते गेले. ते जिवंत असताना एक वाक्य बोलायला माझी जीभ उचलली नाही.

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. मंडळी, गप्प राहण्यातला माझा वाटा मी आधीच घेऊन बसलोय, इतकी वर्षं. तेव्हा शांत तुम्ही राहा. त्याआधी मला तेवढं मोठ्यानं म्हणू द्या, दाराबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं.

सिद्रामआण्णा सही करत होते. अंगठा माझा होता.

उठा मंडळी.