पेटीत करंट नव्हता

मुलगी: नाही बाबा. उद्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये उभी राहून मी हे वाचणार नाही. खरं नाही ते.

बाबा: तू नीट वाचलंच नाहीस. चौथ्या कागदावर सगळं गणित आहे.

मुलगी: चारही वाचले. बायबलातला कराराचा कोश, देवाची ती पवित्र पेटी, म्हणजे वीज साठवायची पेटी. आत सोनं, बाहेर सोनं, मध्ये बाभळीचं लाकूड, म्हणजे झाला कपॅसिटर. मोबाइलवरच्या व्हिडिओतल्या त्या टोपीवाल्याचं ऐकून उतरवलंय तुम्ही.

बाबा: टोपीवाला असू दे, मुद्द्याचं बोलतो. आणि ही बघ, अगदी मापात बनवली. सोन्याऐवजी पितळी पत्रा, तेवढीच काय ती तडजोड. तुझी आई म्हणते, माझं शिलाई मशीन सहा महिने पडून आहे आणि ही पेटी बरी पंधरा दिवसांत झाली.

मुलगी: काम सुरेखच आहे. पण बाबा, या पेटीत वीज भरली कोणी?

बाबा: हवेनं. कोरडं वाळवंट, वारा, धूळ.

मुलगी: बरं. आणि कोश उचलायचे दांडे? तेही सोन्यानं मढवलेले. माणसं ते खांद्यावर घेऊन चालली, ती कशी वाचली? शिवाय लाकडात ओल असते, वीज त्यातून झिरपून जाते. हे मला कॉलेजात नाही कळलं, तुम्ही शिकवलंत. ओल्या फळीवर उभं राहून बोर्ड उघडला म्हणून कानाखाली वाजवली होती.

बाबा: वाजवली होती खरी.

मुलगी: तुमचा तो वायरी तपासायचा मेगर काढा. हजार व्होल्ट भरू पेटीत आणि बघू किती टिकतात.

बाबा: नको.

मुलगी: का नको? तुमचंच यंत्र आहे.

बाबा: केलंय मी ते. पहिल्याच दिवशी. भरली, वायरी काढल्या, एक-दोन-तीन म्हटलं आणि टोकं भिडवली. साधी ठिणगी नाही. चाळीस वर्षं वायरमन आहे मी, मला कळत नाही होय?

मुलगी: मग उद्या लोकांना काय दाखवणार होता? थांबा. हा तळ दुहेरी का केलाय?

(ती पेटी कुशीवर करते. आत काहीतरी सरकतं.)

मुलगी: ही स्कूटरची कॉइल आहे. आणि बॅटरी. बाबा?

बाबा: एक ठिणगी उडाली असती, बस. तड् असा आवाज झाला असता आणि तू म्हणाली असतीस, हो, बरोबर आहे. तू फिजिक्स शिकवतेस, तुझं ऐकतात लोक.

मुलगी: तुम्ही खोटं दाखवणार होता? तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांना तुम्ही कधी दारात उभं केलं नाहीत, आणि तुम्ही?

बाबा: थोरल्याला, तुझ्या दादाला, माती द्यायच्या आधी पाळक काय बोलला, विसरलीस? त्या कोशाचीच गोष्ट सांगितली: बैल अडखळले, कोश कलंडला, एकानं सावरायला हात पुढे केला आणि जागच्या जागी मेला. पवित्र वस्तूला हात लावायला योग्यता लागते म्हणे. सगळ्यांच्या माना आपल्याकडे वळल्या. थोरला प्यायचा, हॉलमध्ये वर्षातून दोनदा उगवायचा, कुणाला ठाऊक नव्हतं?

मुलगी: माइकचा स्टँड पडत होता, दादानं धरला. एवढंच झालं.

बाबा: तेवढंच तर सिद्ध करायचं होतं मला. त्या गोष्टीतला माणूस शॉकनं मेला असेल, तर त्यानं काही पाप केलं नव्हतं. मग आपल्या पोरानंही नाही.

मुलगी: त्याला पेटी कशाला हवी? ती गोष्ट श्रद्धेची, ती राहू दे तिच्या जागी. दादा मेला तो आपल्या हॉलमध्ये, स्टँडमध्ये करंट उतरला म्हणून. करंट काय माणूस बघून पकडतो? हे मी सांगते उद्या, छाती ठोकून.

बाबा: सांगशील. मग कुणीतरी विचारेल, करंट उतरला तेव्हा तो जमिनीत न्यायचं अर्थिंग काय करत होतं?

मुलगी: काय करत होतं?

बाबा: बस त्या स्टुलावर.

मुलगी: बाबा, हॉलचं वायरिंग तुमचं आहे.

बाबा: माझंच. अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगची वायर मी काढून ठेवली होती. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायचा. ती वायर काढली की आवाज जातो. करू नये ते माहीत असून करतात सगळे. म्हटलं, रविवार निघू दे, सोमवारी आवाजाचं मूळ शोधतो आणि वायर परत लावतो. असे तीन सोमवार गेले.

मुलगी: बाबा...

बाबा: तो व्हिडिओ बघताना एकदम वाटलं, देवाच्या पेटीलाही अर्थिंग नव्हतं. देवाकडूनही राहून गेलं. इथंच बसून रडलो. म्हटलं, आपण एकटे नाही.

मुलगी: आणि मी आले ती लाकडातल्या ओलीवरून वाद घालत बसले.

बाबा: तुझं बरोबरच होतं.

मुलगी: आईला माहीत आहे?

बाबा: कुणालाच नाही.

मुलगी: चार महिने? लोक दादाला नाही नाही ते बोलत होते आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? स्वतःचं नाव इतकं प्यारं?

बाबा: माझ्या नावाचं काय घेऊन बसलीस.

मुलगी: मग कशासाठी? ... थांबा. घूं आवाज म्हणालात.

बाबा: जाऊ दे ते.

मुलगी: गाण्याच्या सरावाला. मी म्हणाले होते. बाबा, स्पीकर केवढा घुमतोय, मला सूर सापडत नाही, काहीतरी करा ना. मीच म्हणाले होते.

बाबा: तू गाणारी. तुला खटकलं, तू बोललीस. वायर काढणं माझं काम होतं, लावणंही माझंच.

मुलगी: म्हणून गप्प राहिलात.

बाबा: एक लेकरू गेलंच होतं. दुसऱ्याला हे सांगून त्याचं काय झालं असतं?

मुलगी: दादाला काहीच ठाऊक नव्हतं. नुसता हात पुढे केला त्यानं.

बाबा: रडू नकोस. ऐक, उद्या मी बोलतो. वायर मी काढली, एवढंच सांगेन. तक्रार कुणी केली, ते कुणी विचारणार नाही. तू मागच्या बाकावर बस.

मुलगी: मी तुमच्या शेजारी उभी राहणार. आणि सगळं सांगणार.

बाबा: कशाला ओढवून घेतेस?

मुलगी: दादाचं नाव निघालं की पुन्हा कुणी मान वळवून बघायला नको. पण आधी आईला सांगू. आत्ताच.

बाबा: काय म्हणेल ती?

मुलगी: माहीत नाही. चला.

बाबा: जरा थांब. ही बॅटरीची वायर आधी काढून ठेवतो. कुणाचा तरी हात लागायचा.