घडी मोडण्याचा मान

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष व आमच्या शाळेचे मुख्याध्यापक श्री. अविनाशराव, व्यासपीठावरील मान्यवर अतिथी, सेवानिवृत्त होऊन उद्या नाशिकला प्रस्थान करणाऱ्या गणिताच्या शिक्षिका श्रीमती शैलजाबाई, आणि उधन्याच्या मिलांतून पाळी बदलून आलेल्या पालक बंधुभगिनींनो,

मी शालिग्राम. सातवीतील योगिताचा आजोबा. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले. परंतु ती त्या काळची चौथी होती, एवढे नम्रपणे नमूद करतो.

पालकांच्या वतीने मी बाईंचा गौरव करावा, असे ठरले आहे. गौरव मी करणारच. मात्र माझ्या मनात एक गोंधळ आहे, तो बाईंच्या समक्षच मांडणे उचित. त्या नाशिकला पोहोचल्यावर मांडून काय उपयोग?

बाईंनी मुलांना रंगांचा एक ठोकळा शिकविला. मुले त्यास क्यूब म्हणतात. फिरवून फिरवून प्रत्येक बाजूस एकच रंग आणावयाचा. योगिता तो झरझर जुळविते. आता, मी आयुष्यभर मिलच्या घडी खात्यात काम केले. साडीची घडी बसली, की तिला मालकानेही हात लावावयाचा नाही, ही आमची शिस्त. म्हणून मागे सुरतेतच या ठोकळ्याची स्पर्धा झाली, तेव्हा मी योगिताकडून तो आदल्या दिवशीच पूर्ण करवून घेतला, धुतलेल्या पंच्यात बांधला आणि नाव नोंदविण्याच्या टेबलावर स्वहस्ते ठेवला. म्हटले, "काम पूर्ण आहे. तपासून घ्यावे."

तेथील तरुणाने काय करावे? पंचा सोडला आणि करकर फिरवून सारा ठोकळा विस्कटून टाकला!

"हे कोणत्या न्यायाने?" मी विचारले.

"काका, ए तो बगाडवुं ज पडे!"

बिघडवावेच लागते? सभ्य गृहस्थहो, भरतकामाच्या स्पर्धेत कोणी आधी टाके उसवितो काय? मी योगिताचे नाव तत्काळ मागे घेतले आणि तिला घरी आणले.

ती माझ्याशी बोलेना. बोलली, ते न बोलती तर बरे होते. "आबा, आता या तयार ठोकळ्याला हळदकुंकू वाहू ना? तुम्ही आरती म्हणा."

मग शैलजाबाई आमच्या घरी आल्या. सर्वांचे ठोकळे सारखेच विस्कटतात, नंतर घड्याळ लावतात, असे त्यांनी शांतपणे समजाविले. मी मान डोलाविली. पाहुण्यांसमोर ती डोलवावीच लागते. परंतु पूर्ण झालेले काम अपूर्ण करून पुन्हा पूर्ण केल्याचे बक्षीस, हा व्यवहार मला कळला नाही. आजही कळलेला नाही.

आता बडोद्यास मोठी स्पर्धा आहे. बाईंनी एस.टी.डी. बूथवरून सर्व चौकशी केली. पालकाने संमती दिल्यास बाई स्वतः नाव नोंदविणार, मुदत उद्यापर्यंत. घरात शब्द माझा चालतो. बाईंनी अनेकदा विचारले. मी म्हणालो, "विचार करतो."

काल जेवताना आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाई एकदम म्हणाल्या, "अहो, नवं लुगडं आपन घडी मोडाले दुसरीले देतस ना? मंग ते बिघडी जास का?"

खरेच, माझी आई नवे लुगडे आधी माझ्या आत्याला नेसावयास देई. ज्याला मान द्यावयाचा, त्याच्याच हाती कोरी घडी. मग त्या तरुणाने आमचा अपमान केला, की मान स्वीकारला? हे अद्याप उलगडत नाही. एवढेच उमगते, की घडी मोडावयाचीच असेल, तर पहिला हात परक्याचा नसावा.

म्हणून तोच पंचा आज येथे आणला आहे. आत ठोकळा पूर्ण आहे. योगितानेच सकाळी केला. कशासाठी, ते तिला सांगितलेले नाही. बाई, हा आपला गौरव. बडोद्यासाठी नाव नोंदवावे. माझी संमती आहे. ये योगिता, वर ये. रडू नकोस, रंग दिसणार नाहीत.

अध्यक्ष महाशयांनी बोलू दिले, आपण सर्वांनी धीराने ऐकले, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास ते माझ्या वयाकडे पाहून पोटात घालावे.

बाई, संकोच कसला? घडी चांगली मोडा.